भाजलेल्या मातीचं इतिवृत्त

डोंबिवलीत ‘सोसायटी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं, मेंटेनन्सची थकबाकी. आणि वर्षातून एकदा गच्चीवर भरणारी, कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू होणारी सर्वसाधारण सभा. कल्याणहून मुरबाडकडे निघालं की सोसायटीचा अर्थ बदलतो. तिथली सोसायटी पीककर्ज देते, खताच्या गोणी देते, आणि तिच्या निवडणुकीत सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहतात. मला सांगायचंय ते तिसऱ्याच सोसायटीबद्दल. शेतीच्या शास्त्रज्ञांची सोसायटी. ती कर्ज देत नाही, पाणीही सोडत नाही. तिच्याकडे असतं ते मुख्यतः इतिवृत्त. माझ्या घरात ती शिरली एका जुन्या लोखंडी कढईतून.

कुठंतरी वाचलं होतं की माती तापवली की तिच्यात रोप जोमानं येतं. खतं घालून, पाणी देऊन रोप वाढतं हे समजू शकतं. पण माती भाजून? मेथीचे दाणे, दोन कुंड्या आणि गॅलरी एवढं भांडवल होतं. एका कुंडीपुरती माती कढईत घातली आणि मंद आचेवर परतायला घेतली. पहिली पाच मिनिटं पहिल्या पावसाचा सुगंध आला. मग जो वास सुटला तो शेजारच्या विंगेपर्यंत गेला. सासूबाई देवघरातून उठून आल्या.

“अगं, माती कशाला भाजतेस?”

मी सांगितलं. त्या कढईत डोकावून हसल्या. मुरबाड तालुक्यातलं त्यांचं माहेर, भातशेतीचं घर. “माती नाही गं भाजत. मातीवर भाजतात. राब म्हणजे काय चिवडा आहे?”

राब. हा शब्द मी ऐकला होता, ‘राब राब राबणे’मधला. त्यांचा राब वेगळा. होळीच्या आसपास खाचराचा एक तुकडा निवडायचा, रोप तयार करण्यापुरता. त्यावर आधी शेण पसरायचं, वर झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. पेटवायचंही वाऱ्याच्या उलट अंगानं, जाळ सरसर पळू नये म्हणून. दक्षिणेकडे याला भाजावळ म्हणतात; या जागेला इकडे कुणी राब म्हणतं, कुणी दाढ. मग जूनचा पाऊस पडला की त्या काळ्या चौकोनात भात फेकायचं, आणि तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरांत आवणी करायची. “भाजलेल्या जागेतलं रोप हलक्या हातानं उपटलं जातं, मूळ तुटत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आणि बेणायला लागत नाही.” म्हणजे तण नाही.

कल्याण-कर्जत लोकलनं एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी वांगणी-शेलूच्या पुढं खिडकीबाहेर नीट पाहावं. पिवळ्या, भेगाळलेल्या खाचरांमध्ये एखादा काळाभोर चौकोन अजून दिसतो. तोच चौकोन जूनच्या शेवटी इतका हिरवा होतो की डोळ्यांना खुपावा. पूर्वी असे चौकोन दर शेतकऱ्याचे असायचे, अगदी आजच्या डोंबिवलीच्या रस्त्यांखाली गेलेल्या गावांतसुद्धा. जुना सातबारा कधी हातात आला तर त्यात ‘वरकस’ हा शब्द सापडेल. ती डोंगरउताराची हलकी जमीन; तिथं नाचणी-वरी व्हायची, पण खाचराच्या मालकाला ती हवी असायची टहाळ आणि गवतासाठी. 1948च्या कूळकायद्यात वरकस जमिनीची व्याख्या करताना भातशेतीच्या राबखताचा उल्लेख करावा लागला. एका खाचराला जगवायला एवढा मोठा डोंगर लागायचा.

आणि इथंच भांडण होतं. इंग्रज सरकारच्या वनखात्याला त्या टहाळात लाकूड दिसत होतं. फांद्या छाटून शेतात जाळणारा शेतकरी त्यांच्या लेखी उधळ्या आणि अडाणी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की 1885 मध्ये त्यांच्या चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. शेतकरी म्हणत होता, राबाशिवाय रोप येत नाही. अधिकारी म्हणत होता, सवय आहे, सोडा. दोघांपैकी कुणाकडेच तराजू नव्हता.

तराजू घेऊन आला तो एका सोसायटीचा माणूस.

लंडनच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीची स्थापना 1838ची. जमीनदार, शेतकरी आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र आलेले, ब्रीद ‘विज्ञानासह व्यवहार’ अशा अर्थाचं. सभासदानं विकत घेतलेल्या खतात भेसळ आहे का हे तपासायला या सोसायटीनं पगारी रसायनतज्ज्ञ ठेवला होता. (आमच्या सोसायटीला टाकीतल्या पाण्याची तपासणी करून घ्यायलाही तीन सभा लागल्या होत्या.) हा तज्ज्ञ, जॉन ऑगस्टस व्होल्कर, 1889च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. सरकारला इथली शेती ‘सुधारायची’ होती आणि ती कशी ते त्यानं सांगायचं होतं. वर्षभराहून जास्त काळ तो देशभर हिंडला आणि 1893 मध्ये त्याचा जाडजूड अहवाल निघाला. सरकारला अपेक्षित होतं त्यापेक्षा त्याचा सूर वेगळा होता. इथला शेतकरी सरासरी इंग्लिश शेतकऱ्याइतकाच चांगला आहे, काही बाबतींत सरसच, असं त्यानं स्वच्छ लिहिलं. शेणाच्या गोवऱ्या होतात त्या आळसानं नव्हे, सरपण नाही म्हणून. तेव्हा आधी सरपणाची सोय करा, हेही त्याचंच. पश्चिम किनाऱ्याकडचा राब आणि त्यावर झालेले प्रयोग त्याच्या अहवालात आले. आपल्या आजोबा-पणजोबांनी धुरात डोळे चोळत केलेलं काम अशा कागदावर चढलं, जो वाचून दुसऱ्या देशातला माणूस ‘हे खरं कशावरून?’ असं विचारू शकत होता.

खरं कशावरून, याला पुढं 1912 मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून उत्तर आलं. प्राचार्य हॅरॉल्ड मान, आणि त्यांच्याबरोबर जोशी आणि कानिटकर. तिघांनी मिळून ‘पश्चिम हिंदुस्थानातील भातशेतीची राब पद्धत’ हाच विषय घेतला आणि शेती खात्याच्या रसायनशास्त्र मालिकेत तो छापला. (हेच मान आणि कानिटकर पुढं पिंपळे सौदागर या खेड्याचा घरोघर अभ्यास करणार होते. त्या खेड्यात आज आयटीवाल्यांचे टॉवर आहेत. आपल्याकडे अभ्यासलेली गावं फार दिवस गावं राहत नाहीत.) राबाचा फायदा नुसत्या राखेचा की उष्णतेचाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. माती तापल्यावर तिच्यातली अन्नद्रव्यं पाण्यात विरघळण्याजोगी होतात, याकडे त्यांनी बोट दाखवलं.

आता तो धुमसणारा चौकोन जरा जवळून पाहू. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्या प्रत्येकाच्या इवल्याशा देहात नायट्रोजन अडकलेला असतो. रोपाला तो हवा असतो, पण तो बंद तिजोरीत. वरून आग धुमसली की वरच्या बोटभर मातीतले बरेचसे जीव मरतात. सगळे नाहीत. जे तग धरतात ते पहिल्या ओलीबरोबर मेलेल्यांवर ताव मारतात, आणि त्या मेजवानीतून अमोनियाच्या रूपात नायट्रोजन मोकळा होतो. एरवी मातीतले दुसरे काही जिवाणू या अमोनियाचं लगोलग नायट्रेट करून टाकतात. पण हे जिवाणू नाजूक असतात, आगीत बळी पडतात आणि परतायला वेळ लावतात. म्हणून अमोनिया अमोनियाच राहतो.

याचं आपल्याला काय? तर कोकणातला पाऊस. जून ते सप्टेंबरमध्ये अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं तिथं नायट्रेट म्हणजे चाळणीत ठेवलेली साखर. त्याच्या कणावर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही ऋण, दोघं एकमेकांना धरत नाहीत. अमोनियमवर धन भार. ते मातीला चिकटून राहतं. आणि भात हे असं पीक आहे की ते अमोनियम आनंदानं खातं. म्हणजे मातीतली तिजोरी फोडायची, मिळालेला माल वाहून जाणार नाही अशा रूपात ठेवायचा, आणि तेवढ्यात तेच रूप आवडणारं रोप तिथं लावायचं. हे सगळं एका काडीपेटीनं. शिवाय राखेतून पालाश आणि चुना, तणाचं बी जळालेलं, माती भुसभुशीत. हे वाचून झाल्यावर मी सासूबाईंकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

गंमत म्हणजे या कोड्याची पहिली उकल चुकली होती. 1909 मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीवर प्रयोग केले. अमोनिया वाढतो हे त्यांनी बिनचूक मोजलं. कारण दिलं ते असं: मातीतले प्रोटोझोआ जिवाणूंना खातात, उष्णतेनं हे खादाड मरतात, मग जिवाणूंचं फावतं. गोष्ट झकास होती. पुढच्या लोकांनी तपासली आणि ती टिकली नाही. आकडे टिकले, गोष्ट गेली. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पहिलाच विषय असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, आणि सगळे हात वर करतात. शास्त्रज्ञांच्या सोसायटीत इतिवृत्त वाचलं जातं ते कायम न करण्यासाठी. मला वाटतं तिचं खरं काम एवढंच आहे, आणि ते भलतंच अवघड आहे; कारण ते मित्रांमध्ये बसून करायचं असतं.

अशा सोसायट्या सगळीकडे उगवल्या. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रोनॉमी शिकागोमध्ये 1907च्या 31 डिसेंबरला स्थापन झाली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पिकांवर बोलायला जमणारी माणसं कशी असतील याचं मला कुतूहल आहे. आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रोनॉमी 1955ची; पुढच्याच वर्षी तिचं नियतकालिक सुरू झालं. अ‍ॅग्रोनॉमीला आपल्या विद्यापीठांत ‘कृषिविद्या’ म्हणतात. बियाणं, खत, पाणी, तण, पेरणीची वेळ, दोन रोपांतलं अंतर, या सगळ्यांचा एकत्र विचार करणारी ती शाखा. सोसायट्या मरतातही. मुंबईच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीनं भायखळ्याला बाग उभारली, ती 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली. पुढं सोसायटीच मोडकळीला आली आणि 1873 मध्ये बाग पालिकेकडे गेली. आपण तिला राणीची बाग म्हणतो. सोसायटीचं नाव तिथं पेंग्विन पाहायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

माझ्या मेथीचं काय झालं ते राहिलं. भाजलेल्या मातीतली मेथी जवळजवळ दीडपट झाली. मी फोटो काढले, भावजयीला पाठवले, सिद्ध झालं म्हणून जाहीर केलं. सासूबाईंनी कुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ही कठड्याशी होती ना? हिला ऊन जास्त.”

खरंच होतं. भाजलेली कुंडी मी कौतुकानं कठड्याजवळ ठेवली होती आणि कच्ची आत, वॉशिंग मशीनच्या सावलीत. शेतीशास्त्राच्या जगात हा प्रसंग रोज घडतो. प्रत्येक खाचराला एक कठडा असतो आणि एक वॉशिंग मशीन: बांधाकडची ओल, झाडाची सावली, मागच्या वर्षी जिथं बैल बांधले तो कोपरा. नव्या खताला चांगली जागा मिळाली की खत चांगलं ठरतं. यावर रॉथॅमस्टेडच्याच रोनाल्ड फिशरनं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जो तोडगा काढला तो ऐकायला पोरकट वाटतो: चिठ्ठ्या टाका. कुठल्या वाफ्यात काय लावायचं हे शास्त्रज्ञानं ठरवायचं नाही, नशिबानं ठरवायचं. आणि एकदा लावून थांबायचं नाही, तेच चार-सहा वाफ्यांत पुन्हा पुन्हा लावायचं. सारखंच लावलेल्या वाफ्यांमध्येही फरक निघतो, तो मोजायचा. आपल्या खताचा फरक या ‘उगाच’ निघणाऱ्या फरकापेक्षा पुरेसा मोठा असेल तरच बोलायचं.

या किमान फरकाला आपल्याकडचे शेतीचे विद्यार्थी ‘सीडी’ म्हणतात, क्रिटिकल डिफरन्स. कृषिविद्येच्या प्रबंधात जवळपास प्रत्येक तक्त्याच्या तळाशी ही ओळ असते. आणि ती ओळ कशी काढायची हे भारतातल्या कित्येक पिढ्या ज्या पुस्तकातून शिकल्या त्याला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. ते नुसतं ‘पानसे-सुखात्मे’. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुस्तक 1954चं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म 1911चा. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि पिकांच्या मोजणीत शिरले. 1947च्या जानेवारीत इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स उभी राहिली त्यात त्यांचा पुढाकार होता; तेव्हा अन्न आणि शेती खातं सांभाळणारे राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष.

त्याच सुमाराला सुखात्म्यांचा महालनोबिसांसारख्या बड्या संख्याशास्त्रज्ञाशी वाद चालला होता, आणि वादाचा विषय ऐकून थक्क व्हायला होतं: उत्पन्नाच्या अंदाजासाठी पीक कापून पाहायला शेतात आखायचा तुकडा केवढा असावा? महालनोबिसांचा कल छोट्या तुकड्यांकडे. काम स्वस्तात आणि भराभर होतं. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण सोपं आहे. दोरी टाकली की कडेवर काही रोपं अर्धी आत, अर्धी बाहेर येतात. कापणाऱ्याचा हात अशा लोंब्या सहसा आत ओढतो. लबाडी नसते त्यात. भरलेली लोंबी सोडवत नाही एवढंच. छोट्या तुकड्यात क्षेत्राच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. आता ही चूक देशाच्या सगळ्या भाताला गुणा. कोठारात नसलेलं धान्य कागदावर येतं. तलाठी आणि कृषी सहायक मुरबाड-शहापूरच्या खाचरात ऑक्टोबरात टेप लावून जो चौकोन आखतात आणि ज्याच्या वजनावर पुढं पीकविम्यासारख्या गोष्टी ठरतात, त्याच्या चार कोपऱ्यांमागं हा वाद उभा आहे.

राब मात्र अजून संपला नव्हता. डोंगर उघडे पडले, टहाळ मिळेना, शेण महाग झालं, धुराचा त्रास कळू लागला. गादीवाफे करा, शेणखत आणि युरिया द्या, राब भाजू नका असा सल्ला सुरू झाला. तो योग्यच होता, पण त्यात राबातलं काय वाया जातंय याची झडती कुणी घेतली होती? ती घेतली डॉ. ना. कृ. सावंत यांनी, ज्यांची ‘चारसूत्री’ भात लागवड कोकणात माहीत नाही असा भातकरी विरळा. पहिलं सूत्र: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. दुसरं: गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडा. तिसरं: पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अंतर आलटूनपालटून ठेवून नियंत्रित लावणी. चौथं: चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा. खोल का? वर टाकलेला युरिया पाण्याबरोबर आणि हवेत जातो. खाली, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथं अमोनियम अमोनियमच राहतं. ओळखीचं वाटतंय ना? आग न लावता राबाचं गणित.

आणि तुसाची राख का? भाताच्या खाचरात हाफ हाताचा सदरा घालून चालून पाहा, पाती हातावर चरचरीत ओरखडे काढतात. ती सिलिका. भात ती मातीतून भराभर उपसतं आणि पात्यात, तुसात काचेसारखी साठवतं. तिच्यानं ताटं ताठ राहतात, करपा आणि खोडकिडा यांना पीक सहज दाद देत नाही. शेतातून दरवर्षी पेंढा आणि भात उचलून नेतो तेव्हा ही काच आपण शेताबाहेर नेतो, आणि गिरणीमागं तुसाचा ढीग सडत पडतो. तुसाची राख बहुतांशी सिलिकाच. ती रोपालाच परत द्या, असं सावंत सांगत होते. 1997 मध्ये त्यांनी दोन अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर भात आणि सिलिकॉन या विषयाचा मोठा आढावा लिहिला, तो ‘अ‍ॅडव्हान्सेस इन अ‍ॅग्रोनॉमी’ या ग्रंथमालेत आला. 1949 मध्ये ही माला सुरू झाली ती त्या शिकागोवाल्या सोसायटीच्या आश्रयाखाली.

म्हणजे एका सोसायटीच्या रसायनतज्ज्ञाच्या अहवालात कोकणातली राख आत गेली आणि शंभरेक वर्षांनी दुसऱ्या सोसायटीच्या ग्रंथमालेतून सिलिकॉन होऊन बाहेर आली. मधला एक धागा तर मला कादंबरीतल्यासारखा वाटतो. राबावर लिहिणारे मान नोकरी संपवून इंग्लंडला परतले आणि 1928 पासून वोबर्नच्या प्रयोगशेतावर काम करू लागले. ते शेत रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीनं 1876 मध्ये सुरू केलेलं, आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं देखरेख होती ती व्होल्करची.

तक्रार एकच. ही सगळी इतिवृत्तं इंग्रजीत आहेत. ज्या खाचराची माती त्यांत मोजली गेली त्या खाचराच्या मालकाला ती वाचता येत नाहीत. त्याच्यापर्यंत पोचते ती कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या बियाण्याची पिशवी आणि चार ओळींची घडीपत्रिका. ‘हे असं करा’ पोचतं. ‘हे असं का, आणि आमचं कुठं चुकलं होतं’ हे पोचत नाही. खरी गोडी तर त्यातच.

यंदा आठ कुंड्या आणल्या. चारांत भाजलेली माती, सासूबाईंच्या पद्धतीनं, म्हणजे वरच पालापाचोळा धुमसवून. त्यासाठी गच्चीवर परवानगी मागितली तर सेक्रेटरींनी लेखी अर्ज घेतला. चारांत साधी माती. जागा ठरवायला चिठ्ठ्या केल्या आणि नातवाकडून उचलून घेतल्या. एक कुंडी मांजरानं उकरली, ती तशी वहीत नोंदवली. विसाव्या दिवशी मेथी उपटून पट्टीनं मोजली. भाजलेल्या मातीतली सरासरी थोडी जास्त आली, पण साध्या मातीतली एक कुंडी दोन भाजलेल्यांच्या पुढं होती. पानसे-सुखात्मे उघडून दोन संध्याकाळी हिशेब केला. फरक सीडीच्या आतच राहिला.

“म्हणजे काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे काही सांगता येत नाही.”

“मग पुढच्या वर्षी परत लाव,” त्या म्हणाल्या, आणि उपटलेली मेथी निवडायला घेतली.